दोन दाबांच्या मधला वेळ

बटण म्हणून हाक मारलीत तरी मी ओ देईन, आता सवय झालीय. पण माझं खरं नाव डिमर, दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा. मी बोलतोय तो भिंतीतून, जमिनीपासून जेमतेम दोन हातांवरून. इतक्या खाली आमच्यातलं कुणी राहत नाही. मला बसवायला आलेला वायरमन उकिडवा बसून हसलाच होता. "ताई, एवढं खाली? उंदरांसाठी लावताय का?"

"आबांसाठी," ताई म्हणाली. वायरमनने पलंगाकडे एकदा पाहिलं आणि हसू आवरून काम संपवलं.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलावर आम्ही शेकडो जण रांगेत होतो. एका बाईने माझ्या उजव्या कडेला सात बारीक दिवे बसवले, मण्यांएवढे. तपासताना ते लाल, निळे, हिरवे झाले, ती "हं" म्हणाली आणि पुढच्याकडे वळली. तेवढंच काय ते माझं कौतुक.

साध्या बटणाला दोनच गोष्टी येतात, दिवा लावणं आणि विझवणं. मला शिकवाल तितकं येतं. किती वेळा दाबलं, किती वेळ दाबून धरलं, ते मी मोजतो आणि शिकवलेलं काम करतो. पण शिकवलेलंच. लोक मला 'स्मार्ट' म्हणतात, त्याचं मला हसू येतं. अहो, मी कसला शहाणा! मी सांगकाम्या.

आबा म्हणजे ताईचे वडील. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली त्यांनी. वेलांटी चुकलेली दिसली की त्यांना जेवण जात नसे म्हणे. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला, तोही अशक्त. उशाशी घंटी ठेवून पाहिली तर ती हातातून निसटायची. म्हणून ताईने मला आणलं.

ताई लिफ्टच्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. कुठल्या मजल्यावर लिफ्ट आधी थांबेल, दार किती वेळ उघडं राहील, हे ती ठरवते. एका रविवारी ती लॅपटॉप मांडीवर घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मला शिकवू लागली. एकदा दाबलं की दिवा लागेल, पुन्हा एकदा दाबलं की विझेल. दाबून धरलं तर उजेड कमी-जास्त होईल. दोनदा दाबलं की पाणी हवंय, मणी निळे. तीनदा म्हणजे दुखतंय, मणी लाल. पाचदा म्हणजे 'ताई, इकडे ये', मणी हिरवे. माझा एक भाऊ स्वयंपाकघरात बसवला होता. इथे मणी पेटले की तिथे त्याचेही पेटत.

मोजणीसाठी तिने मला वेळही नेमून दिला. एक दाब आला की अर्धा सेकंद थांबायचं. तेवढ्यात दुसरा आला तर दोन, नाही आला तर एक, विषय संपला. तिने स्वतःच्या बोटाने शंभरदा तरी करून पाहिलं असेल. टक-टक, निळा. टक-टक-टक, लाल. एकदाही चुकलं नाही. मग तिने आबांचं बोट आपल्या हातात धरलं आणि दोनदा दाबलं. टक-टक. माझे मणी निळे झाले.

"जमलं की हो आबा!" ती लहान मुलीसारखी ओरडली. आबांचा अर्धा चेहरा हसला.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली. घरात आबा आणि त्यांचं सगळं बघणाऱ्या मावशी, दोघंच. अकराच्या सुमाराला आबांनी हात उचलला. उचलला कसला, ओढत आणला. बोट माझ्यावर ठेवलं, दाबलं, सोडलं. मी अर्धा सेकंद थांबलो, दुसरा दाब आला नाही, दिवा लावला. दोन सेकंदांनी पुन्हा दाब आला. मी दिवा विझवला.

त्यांना पाणी हवं होतं. मला ते कळायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण मला शिकवलं होतं ते इतकंच.

मग रोज तेच. दोन दाबांना दिवा लागे, विझे. तीन दाबांना लागे, विझे, पुन्हा लागे. कधी बोट पटकन उचलत नसे, तेव्हा मला वाटे दाबून धरलंय, आणि मी उजेड मंद करत नेई. मावशी स्वयंपाकघरातून डोकावत. "झाला का आबा खेळ सुरू? बरं चाललंय तुमचं!" बाई मायाळू हो, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आठवड्याभरात त्याही वैतागल्या आणि जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी त्यांनी माझ्या तोंडावर चिकटवली. चोर सोडून संन्याशाला सुळी! मग आबा नखांनी ती पट्टी खरवडत राहत. संध्याकाळी ताई येऊन ती काढून टाकी आणि आबांकडे बघत उभी राही. तिच्या तोंडावर जे असे तो राग नव्हता. आपल्या बापाची समज गेली हे मान्य करणाऱ्या माणसाचं तोंड होतं ते.

एका शनिवारी तिचा धाकटा भाऊ आला. हातात एका संस्थेचा फॉर्म होता. आजारी, वृद्ध माणसांना ठेवतात तिथला. पलंगापासून चार पावलांवर, आबांकडे पाठ करून दोघं बोलत होती.

"ताई, तुझी नोकरी, धावपळ, हे किती दिवस चालणार? आणि कुणासाठी? आबांना आता काही कळत नाही गं."

"असं नको बोलूस. त्यांना ऐकू येतं."

"ऐकू येतं, पण पोचतं का? दिवसभर दिवा लावतात, विझवतात." तेवढ्यात दिवा लागला. विझला. लागला. विझला. लागला. धाकट्याने वर बोट दाखवलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बघ की!"

ताईने वर पाहिलं. दिवा थोड्या वेळाने पुन्हा तसाच उघडझाप करू लागला. तिने फॉर्म घेतला आणि सही केली. सोमवारी सकाळी नऊला गाडी येणार असं ठरलं.

रविवारी ती पुन्हा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. मला शिकवलेलं पुसून टाकायला. पण माझ्याकडे प्रत्येक दाबाची वेळ नोंदलेली असते आणि काहीही पुसण्याआधी नोंद वाचायची ही तिची कंपनीतली सवय. ती वाचू लागली. पहिल्यांदा भराभर, मग सावकाश, मग एकेका ओळीवर बोट ठेवून.

दाबांमध्ये दोन-दोन सेकंदांचं अंतर होतं. पण दाब सुटे नव्हते. दोनांचा गट, मग मोठा खंड. तीनांचा गट, मग खंड. चारांचा एकही नव्हता. सहाचा एकही नव्हता.

"मावशी!" तिने हाक मारली. "आबांच्या पाठीला पडून पडून झालेली जखम तुम्हाला कधी दिसली?"

"गुरुवारी की. कूस बदलताना. का हो?"

"गेल्या रविवारपासून तीन दाबतायत ते. रोज वीस-वीस वेळा."

मावशी पदराला हात पुसत होत्या, त्या तशाच थांबल्या.

ताई पुढे वाचत गेली आणि कालच्या शनिवारापाशी आली. सहीच्या वेळेपाशी. तिथे पाच होते. पुन्हा पाच. पुन्हा पाच. अकरा वेळा पाच. धाकटा दिव्याकडे बोट दाखवत होता तेव्हा आबा तिला हाक मारत होते. ती चार पावलांवर उभी होती.

तिने लॅपटॉप खाली ठेवला. मग म्हणाली, "दवाखान्याच्या लिफ्टचं दार मी सहा सेकंद उघडं ठेवते, मावशी. म्हाताऱ्या माणसांना पोचता यावं म्हणून. आणि माझ्या बापाला दिला अर्धा. माझ्या हाताचा वेग लिहिला मी. त्यांचं बोट धरलं तेही माझ्याच वेगाने." आणि तिथे जमिनीवर बसून ती रडली. मावशीही रडल्या.

तिने माझा वेळ अर्ध्यावरून तीन सेकंद केला. दाबून धरण्याचा प्रकार काढूनच टाकला. मग म्हणाली, "आबा, आता दाबा. आता त्याला कळेल." आबांनी हात उचलला नाही. तिने विनवलं, हात जोडले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. इतके दिवस हाका मारून दमलेल्या माणसाने आणखी एक हाक का मारावी? मला त्यांचा राग पटला.

सोमवारी नऊला खाली गाडी लागली. धाकटा वर आला. ताईने त्याला नोंद दाखवली, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. "योगायोग असेल ताई. तुला तसं हवंय म्हणून तुला तसं दिसतंय. खरं असेल तर आत्ता दाबू दे ना त्यांना."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात सरकू लागला. चादरीवरून, पलंगाच्या कडेवरून, भिंतीवर.

एक.

दिवा लागला नाही. मी थांबलो होतो.

दोन. धाकट्याने काही बोलायला तोंड उघडलं. ताईने हात वर करून त्याला गप्प केलं. तीन. बोट घसरलं, आबांनी ते पुन्हा आणलं. चार. खाली गाडीचा हॉर्न वाजला. खोलीतलं कुणी हललं नाही.

पाच.

मी तीन सेकंद थांबलो आणि माझे सातही मणी हिरवे केले. स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या, "ताई, हिरवा! आबा बोलावतायत तुम्हाला!"

"आले आबा, आले," ताई म्हणाली. धाकटा पलंगाच्या पायाशी मटकन बसला आणि त्याने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो आबा." थोड्या वेळाने तो खाली जाऊन गाडी परत पाठवून आला.

त्यानंतर आबा एक वर्ष आणि दोन महिने होते. निळा, लाल, हिरवा. चारचा अर्थही पुढे ठरला, 'खिडकी उघडा', मणी पांढरे. मावशी तर गप्पा मारता मारता मध्येच थांबून माझ्याकडे बघत, आबांचं काही म्हणणं आहे का म्हणून.

आता पलंग नाही. पण ताईने माझे तीन सेकंद बदललेले नाहीत. पाहुणे कुरकुरतात, "हा दिवा उशिरा लागतो गं." ती म्हणते, "लागेल. जरा थांब."

एक गोष्ट मात्र मला सलते. शेवटच्या सकाळी आबांनी एकदा दाबलं. मी तीन सेकंद थांबलो. दुसरा दाब आला नाही, म्हणून मी शिकवल्याप्रमाणे दिवा लावला. मावशी म्हणाल्या, "आबांना उजेड हवा होता." ताईने मान डोलावली. पण तो एकच दाब होता, की पाचांतला पहिला? ते दिव्यासाठी होतं, की लेकीसाठी? मला माहीत नाही. माझ्या नोंदीत तिथे फक्त 'एक' लिहिलंय.

मी सांगकाम्या, नेमून दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबणं मला जमत नाही. तुम्हाला जमतं. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, मध्येच अडत असेल, तर त्याचं झालं असं समजून उठू नका. थोडं बसा त्याच्यापाशी.