कोऱ्या चहाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे. सांगलीला विश्रामबागेत अंजनाबाईंच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो आणि हल्ली माझ्या पोटात मोहरी असते. पण झाकण उघडून वास घ्या. मोहरीच्या खालून अजून भाजका वास येतो. तो चिनी चहाचा आहे.

माझा जन्म कलकत्त्याचा. तिथे एक चिनी म्हातारा मंद कोळशावर हा चहा भाजत असे. ना हिरवा, ना पुरता काळा, अशी त्याची वळलेली पाने. ऊलाँग म्हणत त्याला. अंजनाबाईंचा भाऊ नाथाजी, पाटणजवळच्या गावचा, तेव्हा फौजेत होता. मोकळा वेळ मिळाला की तो दुकानात येऊन बसे. म्हाताऱ्याने त्याला मोडक्या हिंदीत सगळे शिकवले. नुसता जळका वास आला तर चहा घेऊ नकोस, वाईट पाने खपवायला लोक जास्त भाजतात. चांगल्या चहाला भाजणीमागून गोडसर वास येतो. तो उकळायचा नाही, कढत पाणी ओतून जरा थांबायचे आणि गाळायचे. तीच पाने पुन्हा पुन्हा चालतात. आणि दूध? म्हाताऱ्याने कानाला हात लावले!

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नाथाजी मला ट्रंकेत घालून गावी आला. त्याची आई साळूबाई चुलीपुढे बसली होती.

"आई, ह्यो चहा पिऊन बघ. लय लांबनं आणलाय तुज्यासाठी."

"कर की. दूध तापलंय."

"ह्यात दूध न्हाई घालायचं. कोराच प्यायचा."

साळूबाईचा हात थांबला. आमच्या गावात कोरा चहा करतात तो घरात कुणी गेले की, भेटायला येणाऱ्या माणसांसाठी.

"माजा ल्योक फौजेत, आन् मी घरात कोरा चहा करू? न्हाई रं बाबा. चमचाभर दूध घाल, मग पिते."

"चवच मरती मग! तुला न्हाई कळायचं त्यातलं. तू आपलं दूधपाणीच पी जन्मभर."

बोलून गेला खरा. साळूबाईचा चेहरा एवढासा झाला. नाथाजीने मला वरच्या फळीवर सारले आणि सुट्टी संपेपर्यंत पुन्हा खाली काढले नाही. चहा तसा चांगलाच होता, पण त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला.

तो गेल्यावर साळूबाईने मला चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवले. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही बुरशी येते, पण तिने मला ओल लागू दिली नाही. रोज पदराने पुसायची. शेजारची हरणाबाई म्हणालीच, "उघडून बघ की गं एकदा!"

"न्हाई. त्यो आला की त्येच्या हातनं पिणार हाय. घालंल की चमचाभर दूध, माजाच हाय त्यो."

थंडीत तिला ताप भरला आणि ती गेली. तार पोचून नाथाजी गावी येईतो राखसुद्धा सावडून झाली होती.

घरात माणसांची रीघ लागली होती. सांगलीहून आलेली अंजना म्हणाली, "दादा, चहापूड संपली." नाथाजीने मला कोनाड्यातून उचलले. माझा पत्रा चकचकीत होता. त्याने सावकाश पाणी तापवले, शिकवल्याप्रमाणे चहा केला आणि सगळ्यांना दिला. आता कोरा चालत होता. म्हातारा कोंडीबा म्हणाला, "चहा ब्येस हाय गड्या." नाथाजीने मात्र आपला कप तसाच खाली ठेवला.

दहाव्याला नदीकाठी पिंडाशेजारी तिच्या आवडीचे ठेवायचे होते. नाथाजीने घरीच माझ्या तळाची शेवटची पाने काढली, चहा केला आणि आईच्या कपात ओतला.

अंजना कप उचलू लागली.

"थांब," तो म्हणाला. "दूध आण."

चमचाभर नव्हे, कप भरेपर्यंत ओतले त्याने. वर साखर घातली. चहा पार बिघडला, मित्रांनो. भाजणीचा सगळा वास दुधात बुडाला. नदीवर नेऊन नाथाजीने तो कप दोन्ही हातांनी पिंडाशेजारी ठेवला.

"घे आई. दूध घातलंय."

आणि तो भर नदीकाठी लहान पोरासारखा रडला.

मला पुसून ठेवा, ओल लागू देऊ नका. डब्याला तेवढे पुरते. पण घरात कुणी चमचाभर दूध मागितले, तर तेव्हाच घाला. चहा बिघडेल. बिघडू द्या.