शेकडा वीस

मी करसल्लागाराच्या ऑफिसात कारकून आहे. बायको कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर होती. त्याच कारखान्याच्या मालकाचा रिटर्न मी भरतो. ती जाऊन चार महिने झाले.

एकदा भाजी निवडताना तिनं विचारलं होतं, "माझ्या पगारातून करापोटी शेकडा वीस कापतात. मालकांचे किती?"

"नऊ."

"म्हणजे मी त्यांच्याहून श्रीमंत म्हणायची."

मला हसू आलं. "अगं, त्यांना पगार नसतो, शेअरचा नफा असतो. त्याला दर कमी. कायदाच तसा आहे."

"मग त्या कायद्यात माझ्यासाठीही बघा की काहीतरी."

"पगारदाराचं काय बघायचं? हातात येतो तोच कापून," असं म्हणून मी मालकाची फाईल ओढली. त्या वर्षी त्यांच्या बंगल्यातल्या बागेचा खर्चही मी कारखान्याच्या नावावर बसवला होता. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी पाठ थोपटली होती.

परवा मेहुणी आली. तीही त्याच कारखान्यात आहे. बायकोच्या शेवटच्या पगाराचे कागद तिनं आणले होते. वारस म्हणून रिटर्न मलाच भरायचा होता. पगारदारांचे नियम मी पहिल्यांदाच नीट वाचायला घेतले. तिसऱ्याच पानावर होतं: मशीनच्या आवाजानं ऐकू कमी येत असेल तर करात सूट, डॉक्टरांचा दाखला जोडावा.

बायकोचा डावा कान सात वर्षांपूर्वीच गेला होता. दाखला कपाटात होता. मागच्या फक्त एका वर्षाची सूट मागता येते, बाकीची वर्षं बुडाली. त्या सगळ्या वर्षांत घरखर्चाला कमी पडतं म्हणून ती रविवारीही कामावर जायची.

मेहुणीचाही कान तसाच झालाय. तिचाही फॉर्म भरून दिला. तिनं सूट किती ते बघितलं.

"बरेच पैसे आहेत की, भाऊजी. ताईलाही मिळायचे का?"

नाही म्हणालो असतो तरी तिला कळलं नसतं.

"मिळाले असते," मी म्हणालो. "तिनं सांगितलं होतं बघायला. मी बघितलं नाही. मालकाचं बघत होतो."

तिनं उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला."

मी खुर्ची तिच्या उजव्या बाजूला घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं.