साठाच्या आत

बाळंतपण आटोपून शिवांजली तेरहून कळंबला सासरी निघाली, तेव्हा तिच्या आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा सोबत दिला. "समर्थ अंगावर पितोय तवर रोज एक खा," असं बजावून.

सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, डबा उघडला. सुनेकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग डबा सरळ खाली आडतीत हमालांना पाठवून दिला.

"आत्या, दुधासाठी दिलेत ते," शिवांजली म्हणाली.

"दूध लई हाय तुला. अंगावरनं दिसतंयच."

रणधीरची धान्याची आडत घराच्या खालीच होती. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला खाली बोलावलं आणि सोयाबीनची पोती जोखायच्या काट्यावर उभं केलं. आकडा आला बहात्तर.

"कोंडीराम, ह्या पोत्याच्या बारदानाचं किती वजा धरायचं रं?" त्यानं विचारलं. हमाल हसले. म्हातारा कोंडीराम तेवढा मान खाली घालून सुतळी गुंडाळत राहिला.

"दोन महिन्यांनी माझ्या भावाचं लग्न हाय," रणधीर म्हणाला. "साठाच्या आत आलीस तर माझ्याशेजारी उभी राहा. न्हाय तर घरी बस."

तेव्हापासून दर सोमवारी, लिलाव सुरू व्हायच्या आधी, तिला काट्यावर चढावं लागे. सकाळी लिंबू पिळलेलं गरम पाणी, दुपारी अर्धी भाकरी. संध्याकाळी धुरपदाबाई स्वयंपाकघराला कडी घालत. सहाव्या आठवड्यात आकडा त्रेसष्टावर आला. रणधीरनं हमालांसमोर टाळ्या वाजवल्या आणि शिवांजलीला, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच, बरं वाटलं.

समर्थ मात्र छातीला लागायचा, ओढायचा, सोडून रडायचा.

अंगणवाडीत राजेश्वरीताईंनी त्याला झोळीत घालून वजन केलं आणि पुन्हा एकदा केलं.

"सहाव्या महिन्यात लेकराचं वजन वाढायला पाहिजे. ह्याचं अर्धा किलो उतरलंय. शिवांजली, तू जेवतीस का पोटभर?"

उत्तर धुरपदाबाईंनी दिलं. "जेवूनच तर अशी झाली होती. आता कुठं मानसात आलीय."

"आजी, तिला जेवू घाला. न्हाय तर हे लेकरू दवाखान्यात जाईल."

घरी आल्यावर शिवांजलीनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला जेवू द्या. दूध आटलंय. लेकरासाठी तरी."

"पंधरा दिवस राहिलेत. आत्ता खाल्लंस तर सगळं पाण्यात. लेकराला वरचं दूध पाज."

समर्थला बाटली लागली. बाटलीतलं दूध त्याला पचेना. जुलाब सुरू झाले.

लग्नाच्या आदल्या सोमवारी आकडा आला साडेएकोणसाठ. रणधीरनं पेढे वाटले.

धाराशिवच्या मंगल कार्यालयात बायका शिवांजलीभोवती गोळा झाल्या. "अगं बाई, लेकुरवाळी वाटत न्हायस! काय केलंस?"

"नुसतं गरम पाणी," धुरपदाबाई अभिमानानं सांगत होत्या. "आमी लक्ष दिलं ना."

घरच्यांचा फोटो काढायला सगळे उभे राहिले. शिवांजली रणधीरच्या शेजारी होती, समर्थ कडेवर. त्याची मान तिच्या खांद्यावर कलली होती, हात काड्यांसारखे लोंबत होते. नवरीकडची माणसं बघू लागली.

"लेकराला द्या इकडं," धुरपदाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "लई वाळलंय. फोटोत बरं दिसत न्हाय."

"आत्या, राहू द्या त्याला."

"आन लोकांनी काय म्हनायचं? आईनं आपलं अंग सांभाळलं आन लेकरू उपाशी मारलं?"

त्यांनी त्याला ओढून घेतलं आणि मागं भांड्यांच्या खोलीत कुणाकडं तरी दिलं. दार लागलं. दारामागून त्याचं रडणं येत राहिलं, चिरकं, मध्येच थांबणारं. मग ते थांबलं ते पुन्हा सुरू होईना. शिवांजलीनं पाऊल उचललं.

रणधीरनं तिचं कोपर घट्ट धरलं.

"हलू नको," तो हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला. "फोटो बिघडंल."