वाढत्या अंगाची बंदूक

“ह्यात एक साइज छोटा मिळेल का?”

प्रश्न जिभेच्या टोकावर, आणि मुठीत पुंगळी. नुकत्याच उडालेल्या काडतुसाची, पितळी, करंगळीच्या दीड पेराएवढी, अजून कोमट... अश्लेषा ती अंगठ्याने फिरवत होती आणि मनातल्या मनात तो प्रश्न म्हणून बघत होती, एकदा न्यायाधीशासारखं तोंड करून, एकदा बुटांच्या दुकानात विचारतात तसा सहज, आणि दर वेळी हसू नाकातून सुटत होतं. पैज कीवा आणि सीर्शा ह्या मैत्रिणींनी लावली होती, शुक्रवारी, शाळेच्या बसमध्ये, मागच्या सीटवर. “तुझ्या त्या नेमबाजीच्या क्लबात सगळे काका चहा घेऊन बसतात ना,” कीवा म्हणाली होती, “तेव्हा भर सभेत विचारायचं. दुकानात विचारतात तसं. आणि हसायचं नाही. नाही विचारलंस तर ॲश, तू भित्री भागूबाई.” भागूबाई असं कीवा अर्थातच म्हणाली नव्हती, ती जे म्हणाली ते आईसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं, पण अश्लेषाच्या डोक्यात पोचेपर्यंत त्याची भागूबाई झाली होती, आणि भागूबाई जास्त झोंबली.

तीन आठवडे तिने दोघींचं डोकं खाल्लं होतं त्या बंदुकीवरून, म्हणून ही पैज.

बंदूक समोर टेबलावर होती. लिव्हर उघडी, खोबणीत पिवळी पट्टी खोचलेली, म्हणजे आत काही नाही हे लांबूनही दिसावं — तोंड मातीच्या बांधाकडे. कार्बाइन. रायफलीची आखूड बहीण, पण काडतूस पिस्तुलाचं. धक्का कमी, आवाज कमी, पंचवीस मीटरवर कागदाच्या निशाणाशी खेळायला अगदी पुरेशी. आणि खेळायचं म्हणजे खेळायचंच! लांब पल्ल्याच्या रायफलीसारखं पालथं पडून श्वास मोजत बसायचं नाही. उभं राहायचं, शिट्टी झाली की खांद्याला लावायची, चाप, मग लिव्हर खाली-वर — खटॅक-खटॅक — पुन्हा चाप, घड्याळ संपायच्या आत सगळ्या गोळ्या संपवायच्या. ती लिव्हर! आईच्या स्वयंपाकघरातल्या नव्या ड्रॉवरसारखी सरकायची, लोण्यासारखी, आणि शेवटी एक छोटासा ‘हो’ म्हणायची. पहिल्या रविवारी त्या ‘हो’वरच तिचा जीव जडला होता. पुढच्या महिन्यात क्लबांची स्पर्धा होती, तिचं नाव ज्युनियरमध्ये घातलेलं होतं, आणि आज शेवटची चाचणी... आज चांगलं झालं तर बाबा ही घेणार. नाही झालं तर बाबा ‘बघू’ म्हणणार. बाबांच्या ‘बघू’मधून आजवर एकही गोष्ट जिवंत बाहेर आलेली नव्हती. कुत्रं त्यातच गेलं, ड्रम्स त्यातच गेले.

पण गोळ्या... गोळ्या कागदावर अशा पडत होत्या की मूठभर शेंगदाणे सांडावेत. एक इथे, दोन तिथे, एक पार पांढऱ्यात.

“घाई करतेस,” बाबा मागून म्हणाले. चंद्रहास — ॲथलोन ह्या आयरिश गावातल्या टेलिकॉम कंपनीत सगळे त्यांना चांडी म्हणत आणि ते म्हणू देत. राइस कुकर घ्यायच्या आधी तीन आठवडे परीक्षणं वाचणारा माणूस; कार्बाइनसाठी त्यांनी तक्ता केला होता, रंगीत, वजन, अचूकता, काडतुसाचा खर्च, आणि शेवटचा रकाना — परत विकताना काय येईल. मुलीसाठी म्हणून ते क्लबात आले आणि स्वतःच अडकले. परवाना त्यांच्या नावावर निघायचा होता, अश्लेषाचा शिकाऊ. “खांदा पुढे घे. मान लांब कर.”

मान लांब केली. अजून लांब केली. गाल दस्त्यावर, बंदुकीच्या मागच्या लाकडावर, टेकवायचा म्हणजे जिराफ व्हायचं, आणि जिराफ झालं की कंबर मागे जाते, कंबर मागे गेली की टाचा उचलतात, आणि मग ती नेम धरायची पुढची माशी, जी त्या मागच्या खाचेत शहाण्यासारखी बसायला हवी, ती पाण्यातल्या बेडकासारखी वर-खाली करते... माझंच चुकतंय. तीन रविवार माझंच चुकतंय.

“ग्रँड आहे ती,” मॉसी म्हणाला. बंदूक त्याची. साडेसहा फूट माणूस, गुडघ्यापर्यंत हात, रॉसकॉमनच्या बाजूला त्याची मेंढरं. आता नजर साथ देत नाही म्हणून विकत होता. “तिला जरा लांब पडतेय, पण काय घाई आहे? होईल मोठी. मग येईल तिच्या मापाला.”

आणि बाबांचा चेहरा असा उजळला की जणू ह्या माणसाचं आजोळ कोथरूडला निघालं. “एग्झॅक्टली!” मग मराठीत, तिच्याकडे वळून, “वाढत्या अंगाची आहे ग.”

वाढत्या अंगाची.

पुंगळी मुठीत गार झाली होती.

...शाळेचा जंपर, म्हणजे स्वेटर. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी घेतलेला, हिरवा, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. आई दुकानाच्या आरशासमोर मागे उभी राहून खांदे ओढून बघत होती. आई, म्हणजे डॉक्टर वृंदा, हॉस्पिटलात जिच्या एका शब्दावर माणसं कपडे बदलून ऑपरेशनला तयार होतात, ती दुकानात नागपूरचीच होते — “राहू दे, वाढत्या अंगाचा आहे, पुढे बघायला नको.” पुढे. आता पाचवं वर्ष चालू होतं आणि बाह्यांना अजून दोन घड्या. सायकल तशीच, एक वर्ष नुसती धरून चालली. बुटांत पुढे कापूस. आणि घरातला तो दाराच्या चौकटीचा खांब, पेन्सिलीच्या रेघांचा, ज्याच्यावर दर वाढदिवसाला आई नवी रेघ मारायची आणि ती जुन्या रेघेवरच बसायची, एकावर एक, एकावर एक, इतकी की आता तिथे रेघ नव्हतीच, एक जाड काळा पट्टा होता... आणि तरी आई म्हणायची, “वाढतात काही मुली उशिरा.” बायोलॉजीही घेतलं होतं तसंच, वाढत्या अंगाचं, पुढे लागेल म्हणून. सगळं घर एका उंच मुलीची वाट बघत होतं. तिचे कपडे तयार होते, तिची सायकल तयार होती, तिच्यासाठी सगळं घेऊन ठेवलेलं होतं. तीच तेवढी येत नव्हती. आणि तोपर्यंत ते सगळं अश्लेषा वापरत होती. त्या मुलीची लहान बहीण असल्यासारखी.

हा विचार इतका चमत्कारिक होता की तिला हसूच आलं. अग बाई, मी उतरलेले कपडे घालत नाहीये — मी स्वतःचेच चढायचे राहिलेले घालतेय!

चहाच्या खोपटात सगळे जमले. बाहेर ढग होते पण पाऊस पडत नव्हता, म्हणजे इथल्या हिशोबाने कडक ऊन. आई आज पहिल्यांदाच आली होती, बंदुका बघायला नाही, मुलीची माणसं बघायला. येताना स्टीलच्या डब्यात साबुदाणा वडे आणले होते आणि अर्धा डबा एव्हाना मॉसीच्या पोटात होता. “काय आहे हे? बटाटा?” “बटाटा आणि... मोती,” आई म्हणाली, कारण साबुदाण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला ऐन वेळी कधीच आठवत नसे. “मोती खातो मी!” मॉसीने जाहीर केलं.

आता. आत्ताच. अश्लेषा उठली, मॉसीसमोर उभी राहिली, म्हणजे तो बसलेला आणि ती उभी, तेव्हा कुठे दोघांचे डोळे समोरासमोर आले.

“माफ करा हं. त्या बंदुकीत एक साइज छोटा मिळेल का?”

आधी मॉसीच्या नाकातून चहा आला. मग सगळेच हसत सुटले. एक जण टेबल थोपटायला लागला, कुणी म्हणालं “निळ्या रंगात पण बघ ग!”, बाबा ओशाळून हसले, आणि अश्लेषाच्या तोंडावरची रेष हलली नाही. कीवा असायला हवी होती, कीवा! ह्याला म्हणतात क्रॅक, इथली अस्सल धमाल!

पण हसू ओसरलं, लोक पुन्हा कपांकडे वळले, आणि ती तशीच उभी होती. कारण तिच्या लक्षात आलं... की उत्तर कुणी दिलंच नव्हतं. आणि तिला ते हवं होतं. विनोद म्हणून सोडलेला प्रश्न फिरून आला होता आणि पाळलेल्या मांजरासारखा तिच्याच पायांशी बसला होता. मिळेल का, छोटा? का नाही मिळणार? बूट मिळतात. हातमोजे मिळतात. तीन रविवार ही जिराफगिरी करताना एकदाही डोक्यात आलं नाही की चूक बंदुकीचीही असू शकते...

“खरंच विचारतेय,” ती म्हणाली. ह्या वेळी आवाज तिचा होता, पैजेचा नव्हता.

कोपऱ्यातून फिलो म्हणाली, “मग खरंच उत्तर द्या की तिला.” क्लबची सेक्रेटरी, पाच फूट आणि वर केसांचा फुगा. “माझी कापून घेतलीय मी. दस्ता. एवढा.” तिने अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवली. “नवरा चार दिवस बोलला नाही. चांगलं लाकूड नासवलं म्हणे. ते चार दिवस फार सुखाचे गेले. चल, मारून बघ. पण विकत मागू नकोस, ती माझ्याबरोबर थडग्यात जायचीय.”

फिलोची बंदूक दिसायला गरीब होती. कापलेल्या जागी रबराची पट्टी, वार्निश उडालेलं. अश्लेषा रेषेवर उभी राहिली, कानांवर मफ्स, डोळ्यांवर चष्मा, आणि मुद्दाम काहीच केलं नाही. मान लांब नाही. खांदा पुढे नाही. नुसती वर उचलली — आणि ती आली. अशी आली, की ओळखीच्या घरात दाराची कडी अंधारातही हाताला लागते ना, तशी. गाल टेकला. टाचा जमिनीवर. टाचा जमिनीवर! माशी खाचेत जाऊन बसली आणि बसूनच राहिली, आणि त्या एवढ्याशा वेळात अश्लेषाला आपलं सगळं अंग एकदम कळलं, डोक्याच्या वरच्या टोकापासून तळव्यांपर्यंत, की ते इथे संपतं, आणि संपतं तिथे ठीक संपतं, काही राहून गेलेलं नाही... मी एवढी आहे. मी येऊन बसलेय, आणि घरची सगळी मंडळी अजून माझी वाट बघत स्टेशनावर उभी.

शिट्टी झाली.

खटॅक-खटॅक. खटॅक-खटॅक. फिलोची लिव्हर मॉसीच्या लिव्हरइतकी लोण्यासारखी नव्हती, जरा कुरकुरायची. तेही तिने मनात टिपलं, कारण परीक्षा करायची तर इमानाने करायची. लिव्हर मॉसीची बरी. माशी मॉसीची बारीक, जास्त बरी. वजनही त्याचंच पुढे झुकणारं, हात स्थिर ठेवणारं. बंदूक म्हणून मॉसीचीच सरस होती. नुसती दुसऱ्या कुणाची तरी होती.

कागद आणला तेव्हा भोकं एका बशीत मावतील अशी होती. चहाच्या बशीत नाही, वड्यांच्या, पण बशीत. फिलोने शीळ घातली. बाबा कागदाकडे बघत राहिले आणि तक्त्यात हे कुठल्या रकान्यात घालायचं ते त्यांना सुचेना, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं.

गाडीपाशी आई डबा पिशवीत घालत होती. मागे तपकिरी बॉग, इथली दलदल, आभाळापर्यंत सपाट. बाबा म्हणाले, “फिलोची चांगली चालली, मान्य. पण ती विकणार नाही. आणि मॉसीच्या बंदुकीला जोडीचा दुसरा दस्ता मिळत नाही, जुनं मॉडेल आहे. तेव्हा हीच घेऊ, थोडी सवय कर. वर्षभरात...”

“अजून वाढायचं वय आहे तिचं,” आई म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा हात सवयीने अश्लेषाच्या बाहीकडे गेला, घडी नीट करायला.

अश्लेषाने हात मागे घेतला नाही. आईची बोटं थंड होती आणि वड्यांचा वास येत होता, आणि तिला एकदम आईचीच दया आली, किती वर्षं त्या दाराशी पेन्सिल घेऊन उभी आहे बिचारी. घरी ती आईबाबांना नेहमी इंग्रजीत उत्तर द्यायची, आयरिश हेल काढून. ते मराठीत विचारायचे, ही इंग्रजीत उडवून लावायची, असंच चालायचं. पण जे सांगायचं होतं ते इंग्रजीत बारीक झालं असतं.

“आई. बाबा. मी ठरवलंय,” ती मराठीत म्हणाली, आणि दोघांनी एकदम मान वर केली, रस्त्यात कुणी गावाकडच्या नावाने हाक मारावी तशी. “मॉसीचीच घ्यायची. बंदूक एकदम मस्त आहे, मी सगळी तपासलीय. पण दस्ता कापायचा. फिलोएवढा. मॉसीला मी विचारते, त्याला रडू आलं तर वडे देते.”

“कापल्यावर परत विकता यायची नाही, बेटा,” बाबा म्हणाले. “आणि समजा तू वाढलीस...”

“नाही वाढणार,” अश्लेषा म्हणाली. हसतच म्हणाली, हसू आवरतच नव्हतं, आणि टाचा त्या ओल्या खडीत घट्ट होत्या. “मी झाले वाढून, आई. हीच ती मी.”