मखमलीतली मतपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर पत्र्याचा डबा आणि चिठ्ठी टाकायची फट आली असेल. तसली मी नव्हे. मी अक्रोडाच्या लाकडाची आहे. माझ्या पुढच्या बाजूला हात आत जाईल एवढे गोल भोक आहे आणि पोटात दोन कप्पे आहेत. एका कप्प्यात पांढऱ्या गोट्या आणि काळे ठोकळे एकत्र पडलेले असतात. मत देणारा हात घालतो, चाचपून एक उचलतो आणि मागच्या कप्प्यात सोडतो. पांढरी गोल आणि काळा चौकोनी, कारण आत अंधार असतो आणि हाताला डोळे नसतात. बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त टक असा आवाज ऐकू येतो.

ओहायोतल्या एका कॉलेजात काही मुलांनी शपथ घेऊन एका घरात भावांसारखे राहायचा एक बंधुसंघ काढला, तेव्हाची माझी जन्मकथा. त्यांतल्या एकाचे वडील सुतार होते. ते कपाटे करत, शवपेट्याही करत. अशाच एका कामातून उरलेल्या फळ्यांतून त्यांनी मला घडवले. पोरे खूश झाली. त्यांनी माझ्यासाठी शपथा लिहिल्या, गाणे रचले आणि माझे नियमही ठरवले. ते नियम तुम्हांला सांगायलाच हवेत, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळेच घडले.

संघाचा एखादा नियम बदलावा असा प्रस्ताव राष्ट्रीय अधिवेशनात आला, की सभेला प्रश्न विचारायचा तो असा: 'पूर्वजांचा नियम आहे तसा राहावा काय?' राहावा असे वाटेल त्याने पांढरी गोटी टाकायची. बदलावा असे वाटेल त्याने काळा ठोकळा. म्हणजे ज्याला चांगले काही नवे करायचे असेल, त्याने काळ्याला हात घालायचा. बदल व्हायला चारांत तीन मते काळी पडली पाहिजेत. मत कुणाचे काय, हे त्याने स्वतःही कधी बोलायचे नाही. आणि एकदा पोटात पडलेले मत पुन्हा घ्यायचे नाही. विशीतल्या पोरांना हे सगळे फार भारदस्त वाटले असणार. नंतर ती पोरे म्हातारी झाली, गेली, आणि त्यांचे पोरपण मात्र नियम होऊन बसले.

संघाच्या शाखा देशभर पसरल्या आणि मी खूप फिरले. आधी रेल्वेने, मग मोटारीने, मग विमानाने. दर दोन वर्षांनी कुठल्या तरी शहरातल्या हॉटेलात अधिवेशन भरे आणि मला मखमलीतून बाहेर काढत. कॉलेज सुटले तरी संघ सुटत नाही, म्हणून न्यायाधीशांचे हात माझ्या पोटात गेले, बँकवाल्यांचे गेले, एका गव्हर्नरचाही गेला. एके काळी आमच्याकडे रंग आणि धर्म पाहून मुलांना दाराबाहेर ठेवायचा नियम होता. तो बदलावा म्हणून मी किती सुंदर भाषणे ऐकली. टाळ्या पडत, लोक डोळे पुसत, आणि मग माझ्या पोटात पांढऱ्या गोट्यांचा खच पडे. शेवटी कॉलेजांनी संघाची घरे काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे तो नियम गेला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे. तेव्हापासून भाषणांवर माझा विश्वास उरलेला नाही.

पण माझी आबाळ झाली असे मी म्हटले तर जीभ झडेल. गेली कित्येक वर्षे मला हार्लन स्टाउफर सांभाळतो. तो संघाचा चिटणीस आहे. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. बायको गेल्यापासून संघ हेच त्याचे घर. तो मला लिंबाच्या तेलाने पुसतो, कोपऱ्यातली धूळ कापसाने काढतो आणि पुसताना जुने गाणे गुणगुणतो. कुणी माझ्यावर कॉफीचा कप ठेवला, तर हा मवाळ माणूस आवाज चढवतो. माझा त्याच्यावर जीव आहे.

आता टॉबीची गोष्ट सांगते.

टॉबी लिंडगार्ड आमच्या एका शाखेत नवीन आलेला मुलगा. त्याचा सख्खा भाऊ ओवेन दुसऱ्या गावच्या शाखेत बंधू होता. त्यानेच टॉबीला आग्रह केला होता, "आपल्याच संघात ये, आयुष्यभर पुरतील असे भाऊ मिळतील." आमच्या घरांत एक रात्र असते. त्या रात्री प्रत्येक नव्या मुलाला संघातला एक मोठा भाऊ मिळतो, आणि त्या भावाच्या हातून दारूची एक बाटलीही. ती रिकामी करायची अशी पद्धत. टॉबीने केली. मग तो तळघरात जमिनीवर पडला. एकाने रुग्णवाहिका बोलवायला फोन हातात घेतला. बाकीच्यांनी त्याला संघाचा नियम सांगितला: समारंभ चालू असताना दार उघडायचे नाही, बाहेरच्याला आत घ्यायचे नाही. समारंभ सकाळी संपला आणि दार तेव्हाच उघडले.

ओवेनने एकच प्रस्ताव मांडला. कुणाचा जीव धोक्यात असेल तर दार उघडावे, मदत बोलवावी, आणि तसे करणाऱ्याने शपथ मोडली असे मानू नये. बस, एवढाच. बाटलीच्या पद्धतीला त्याने प्रस्तावात हातही लावला नव्हता, कारण तेवढे मागितले तर काहीच मिळणार नाही, हे त्याला कळत होते. भाऊ गेलेल्या मुलाने केवढे थोडके मागितले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

अधिवेशन त्या वर्षी इंडियानापोलिसला होते. बाहेर जुलैचे ऊन आणि आत स्वेटर घालावा असा गारठा. मला सभागृहाच्या टेबलावर ठेवून हार्लन पुसत होता, तेव्हा ओवेन आला. उंच, किडकिडीत, कोट जरा मोठा.

"हार्लन सर, मत घ्यायच्या आधी एकदा सांगाल ना? बदल हवा असेल तर काळा टाकायचा, म्हणून. नवी पोरं खूप आहेत."

"सांगितलं की. पहिल्या दिवशी, स्वागताच्या जेवणात."

"तेव्हा निम्म्यांची विमानं उतरायची होती. आणि आलेले होते ते कोंबडीवर तुटून पडले होते."

हार्लन हसला. "पोरा, पहिल्यापासून हे असंच चालत आलंय. भर सभेत मी काळा टाका म्हटलं तर तो प्रचार होईल. मी पेटी सांभाळतो, मतं नाही."

"मग मी सांगतो भाषणात."

"प्रस्तावावर बोल. मत कसं द्यायचं यावर व्यासपीठावरून बोलता येत नाही. नियम आहे."

"अजून एक नियम."

"तू दमलायस," हार्लन म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लंयस का?" आणि आपल्या ताटलीतला अर्धा पाव लोणी लावून त्याने त्याच्या हातात ठेवला. ओवेनने तो उभ्यानेच खाल्ला.

मग ओवेन दाराशी जाऊन उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक डळमळीत माणसाला गाठून तो हळूच सांगत होता, "काळा ठोकळा हं, चौकोनी." त्याचा दोस्त रीस, टेक्सासच्या शाखेचा प्रतिनिधी, हातात दोन कॉफ्या घेऊन आला. गडगडाट करून हसणारा, आडदांड मुलगा.

"घे, पी. तोंड बघ तुझं, धुतलेल्या मोज्यासारखं झालंय."

"जिंकू का रे?"

"टेक्सास तुझं, ओक्लाहोमा तुझं. त्या पोरांना मी मेंढरासारखं हाकून आणतो. तू त्या म्हाताऱ्यांच्या मागे लाग."

ओवेन म्हाताऱ्यांच्या मागे लागला. रीसला काळ्या-पांढऱ्याचे सांगायचे त्याच्या मनातही आले नाही. रीस तर आपलाच होता.

भाषणे झाली. ओवेन थोडाच वेळ बोलला. टॉबीला पोहता येत नव्हते आणि तरी तो दर उन्हाळ्यात तळ्यावर यायचा, एवढेच काहीतरी सांगून तो प्रस्तावाकडे वळला. त्याच्यानंतर प्रेस्टन गॅरिटी उठले. जॉर्जियाचे वकील, संघाचे जुने देणगीदार, आवाज तुपासारखा.

"या मुलाचं दुःख ते आपलं दुःख," ते म्हणाले. "पण बंधूंनो, आज दार उघडलं, उद्या छप्पर काढा म्हणतील. दार बंद असतं म्हणून तर आपण भाऊ आहोत. नाहीतर आपण नुसते भाडेकरू." मग त्यांनी टॉबीसाठी सगळ्यांना उभे राहून शांतता पाळायला सांगितली. सगळे उभे राहिले. त्या शांततेनंतर लगेच मतदान सुरू झाले.

हार्लनने जुन्या भाषेत, जुन्या चालीवर प्रश्न वाचला, "पूर्वजांचा नियम आहे तसा राहावा काय?" कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे त्याने सांगितले नाही.

मित्रांनो, माणसांना तोंडे ओळखू येतात, मला हात. अंगठीचा एक थंड, सराईत हात आला. याच हाताने सकाळी लिफ्टपाशी ओवेनला मिठी मारली होती. त्याने क्षणात पांढरी उचलली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना, तसा तो हात बाहेर गेला. असे बरेच आले. त्यांचे मला नवल नव्हते. पण मग तरुण हात येऊ लागले, घामेजलेले. त्यांनी काळे ठोकळे बाजूला सारले. बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून, चूक होऊ नये म्हणून, त्यांनी गोल गुळगुळीत पांढरी गोटी शोधली. मृत मुलासाठी, त्याच्या भावासाठी, एखादे फूल वाहावे तशी त्यांनी ती अलगद सोडली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, ही नव्हे, बाळांनो, ती दुसरी. लाकडाला तोंड नसते. द्वेषाने टाकलेली पांढरी आणि मायेने टाकलेली पांढरी, दोन्हींचा आवाज सारखाच.

शेवटी चिटणीसाचे मत असते. हार्लनचा हात आत आला. त्याची बोटे एका काळ्या ठोकळ्यावर थांबली. बराच वेळ थांबली. त्या हाताला लिंबाचा वास येत होता. मग ती बोटे सरकली आणि त्याने पांढरी उचलली.

सात काळे कमी पडले. फक्त सात.

सभागृहात कुजबुज झाली. ओवेन माझ्यापाशीच उभा होता. रीस धावत आला, गोंधळलेला.

"असं कसं झालं रे? आम्ही सगळ्यांनी पांढरी टाकली तुझ्यासाठी. मी तर दोनदा चाचपून बघितली."

ओवेन त्याच्याकडे वळला. "पांढरी म्हणजे दार बंद," तो म्हणाला.

रीसच्या तोंडावरचा रंग उडाला. मग तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "अध्यक्ष महाराज, माझं मत चुकलंय. मला काळा टाकायचा होता." मागून आणखी एक उठला. "माझंही." मग तिसरा, चौथा, दोन्ही बाजूंनी पोरे उठायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आशा वाटली. सातांपेक्षा कितीतरी जास्त होती ती.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. गॅरिटी उठलेही नाहीत, बसल्या जागेवरून बोलले. "आपण काय टाकलं हे बोलणं म्हणजे शपथभंग. उभे आहेत त्यांनी खाली बसावं, नाहीतर त्यांच्या शाखांवर कारवाई होईल. आणि पेटीत पडलेलं मत पुन्हा घेता येत नाही. बरोबर ना, बंधू स्टाउफर?"

सगळ्यांनी हार्लनकडे पाहिले. हार्लनने माझ्याकडे पाहिले.

"बरोबर," तो म्हणाला.

पोरे एकेक करून खाली बसली. सगळ्यात शेवटी रीस बसला.

सभा जेवायला गेली. हार्लन मला मखमलीत गुंडाळू लागला. चारही कोपरे नीट जुळवून, खालची घडी आधी, मग वरची. ओवेन खुर्चीवर बसून बघत होता.

"बाळा, दोन वर्षांनी पुन्हा मांड," हार्लन म्हणाला. "तेव्हा मी स्वतः सगळ्यांना समजावीन."

"सर, टॉबीच्या अंगावर सकाळी चादरसुद्धा नव्हती," ओवेन म्हणाला. "फरशीवर होता तो. नोव्हेंबर महिना."

हार्लनचे हात थांबले. ओवेनने कोटावरची संघाची पिन काढली, मखमल बाजूला करून माझ्या भोकात टाकली आणि तो निघून गेला. ती पिन अजून माझ्यात आहे. हार्लनला ठाऊक आहे, पण तो ती काढत नाही.

दोन वर्षांनी ओवेन आला नाही. रीसही आला नाही. दाराचा प्रस्ताव मांडायला कुणी उभेच राहिले नाही, म्हणून हार्लनला कुणाला काही समजावण्याची वेळ आली नाही. मधल्या काळात दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका घराचे दार सकाळपर्यंत बंद राहिले होते. त्या मुलाच्या नावाने सभा उभी राहिली, शांत राहिली आणि खाली बसली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हांला विसरू नका, जपा. माझ्याने तसे म्हणवत नाही. मला जपण्यात कुणी तसूभरही कमी केलेले नाही. मला मखमल मिळाली, तेल मिळाले, ऊब मिळाली. नाकापेक्षा मोती जड झाला, तो मोती मी आहे. तेव्हा माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. मला फोडा, शेकोटीत घाला, एखाद्या गारठलेल्या पोराचे हात तरी शेकतील. आणि कुणी जमिनीवर पडलेले दिसले, तर आधी दार उघडा. शपथ मोडली की नाही, ते मग बघा.

पण हे मी तुम्हांला सांगून काय उपयोग? ज्यांच्यापाशी ती दारे आहेत, त्यांच्यापर्यंत माझा शब्द पोहोचत नाही. त्यांना माझा फक्त टक असा आवाज ऐकू येतो. कपाटाची किल्ली फिरते आहे. पुढल्या आठवड्यात अधिवेशन आहे. हार्लन येतोय, हातात तेलाची बाटली आणि मऊ फडके घेऊन.