करड्या पिल्लाची फणी

दोघी बहिणी मिळून शिलाईचं दुकान चालवायच्या. थोरली कापड बेतायची, धाकटी मशीनवर बसायची. त्यांच्या कातरणाच्या टोपलीत एका मांजरीने तीन पिल्लं घातली, तेव्हा थोरलीने कपाळाला हात लावला, पण टोपली काही हलवली नाही.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली, तरी अंग धरेनात. धाकटीने एकाच्या पोटावरची लव बाजूला केली, तर पिसवा सैरावैरा पळाल्या.

"एवढंच ना?" थोरली म्हणाली. "माझ्या कुत्र्याचं औषध आहे घरी. मानेवर थेंब टाकला की सफाया."

"ताई, एवढ्याशा जिवांना चालेल ते? आधी विचारू या कुणाला तरी."

"एका थेंबाला काय विचारायचं? तुझं आपलं काहीतरीच."

दुसऱ्या दिवशी धाकटी पडद्यांची मापं घ्यायला बाहेर गेली होती. मांजरही दुकानात नव्हती. थोरलीने घरून आणलेलं औषध दोन पिल्लांच्या मानेवर टाकलं. तिसरं, करडं, कपाटामागे सरकलं होतं. त्याच्यापर्यंत तिचा हात पोचला नाही.

धाकटी परतली तेव्हा दोन्ही पिल्लं थरथरत होती. पाय ताठ झाले होते. तिने तिन्ही पिल्लं टॉवेलात घेतली आणि गुरांच्या दवाखान्याची वाट धरली. थोरली चपला न घालताच मागून आली.

"काय लावलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुत्र्याचं पिसवांचं औषध," थोरली म्हणाली. "एकेकच थेंब."

"ते मांजराला विष असतं, बाई. मोठ्या मांजरालाही."

त्यांनी औषध धुऊन काढलं, इंजेक्शनं दिली, ऊब दिली. एक पिल्लू टेबलावरच गेलं. दुसरं संध्याकाळपर्यंत तग धरून होतं, शेवटी तेही गेलं.

मग त्यांनी करड्याचे ओठ वर केले. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "पिसवांनी रक्त शोषलंय. तरी इतक्या लहान वयात याला औषध लावायचं नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण घ्या. मानेपासून खाली धुवा, तोंडावर पाणी जाऊ देऊ नका. लगेच कोरडं करा आणि ऊब द्या. बारीक दातांच्या फणीने रोज विंचरा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. टोपलीतलं सगळं कापड गरम पाण्यात धुवा. आईला घेऊन या, तिचं वजन बघून मी औषध देईन. आणि हे उद्या परत दाखवा, रक्त फारच कमी आहे."

दुकानात थोरलीने घमेलं पुढे ओढलं.

"तू नको," धाकटी म्हणाली.

थोरली बाजूला झाली. पिल्लू पाण्यात धरल्याबरोबर पाणी तांबूस झालं. पिसवांच्या विष्ठेतून उतरलेलं पिल्लाचंच रक्त होतं ते. धाकटीचे हात थांबले. थोरलीने पुढे होऊन कोरडा पंचा धरला, तो मात्र धाकटीने घेतला.

मांजर दोन दिवस टेबलाखाली, कपाटामागे हाका मारत फिरली. तिसऱ्या दिवशी फिरायची थांबली.

करडं वाचलं. महिन्याभरात त्याच्या हिरड्या गुलाबी झाल्या. रोज सकाळी थोरली ते मांडीवर धरायची, धाकटी विंचरायची. एकदा थोरली खाली बघत म्हणाली, "तू 'आधी विचारू या' म्हणाली होतीस."

"हो," धाकटी म्हणाली आणि पिल्लाची मान वळवून दुसऱ्या बाजूने विंचरू लागली.