तिसरा अंक बसून

शाळेत बाईंची ख्याती अशी, की त्या वर्गात कधी खुर्चीवर बसत नाहीत. मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना त्यांचं उदाहरण द्यायचे, आणि बाई मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. खरं कारण सांगायची सोय नव्हती. खुर्चीवर टेकलं, की त्यांच्या पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही, खाज म्हणावी तर खाज नाही. पाय हलवला की थांबायचं, पाय थांबवला की पुन्हा सुरू. दिवसा कसंबसं निभावायचं, पण दिवेलागणीला पाय अजिबात ऐकेनासे व्हायचे. एरवी पायाला भिंगरी लागलेली माणसं मुलूख पाहून येतात. बाईंची भिंगरी त्यांना जागच्या जागी नाचवायची.

आणि पदरात नवरा पडला तो नट. दिवसा बँकेत, संध्याकाळी रंगमंचावर. त्यांचं गाजलेलं नाटक एका म्हाताऱ्या घड्याळजीचं, तीन अंकी. तेव्हापासून लोक त्यांना घड्याळजीच म्हणायचे. शेवटी तो म्हातारा आपल्या गेलेल्या बायकोचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करतो, कानाला लावतो आणि ऐकत राहतो. नाट्यगृहात कुणी खोकतसुद्धा नाही. मग तो एकच शब्द बोलतो, "चालतंय," आणि पडदा पडतो.

हा प्रसंग बाईंनी खुर्चीत बसून एकदाही पाहिलेला नव्हता. पहिल्या प्रयोगाला त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या, तर दुसऱ्या अंकात शेजारच्या गृहस्थांनी अगदी काळजीने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय का?" तेव्हापासून त्यांची जागा मागच्या दाराशी, डोअरकीपरच्या शेजारी, भिंतीला टेकून. तिथेही टाच गप्प बसेल तर शपथ. जमीन लाकडी. टक, टक, टक. नेमक्या त्या शेवटच्या शांततेत ती बाईंच्या कानात ढोलासारखी वाजायची. त्यांनी मऊ चपला आणून पाहिल्या, चपला काढून पाहिल्या, पण लाकूड ते लाकूड. नवऱ्याच्या सगळ्यात सुंदर क्षणात आपण दर वेळी खिळे ठोकतो, ही बोच त्यांच्या मनातून कधी गेली नाही. घड्याळजी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. सांभाळून घेतात, असा बाईंनी अर्थ लावला होता.

मग घड्याळजींनी जाहीर केलं, की या हंगामानंतर नाटक बंद. बाईंनी त्याच दिवशी ठरवलं. शेवटचा प्रयोग आपण बसून पाहायचा. बसून, आणि गप्प.

आजवर डॉक्टरांनी त्यांना मन शांत ठेवायला सांगितलं होतं, जणू काही मन पोटरीत असतं. या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी निराळीच तपासणी करायला लावली. रक्त बरं होतं, पण शरीरातला लोहाचा साठा तळाला गेला होता. पायांची ही तळमळ त्यानेही वाढते, म्हणाल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं, तेव्हा शिरेतून लोह द्यायचं ठरलं.

सकाळची वेळ मागितली होती, मिळाली नेमकी संध्याकाळची. काळ्या चहासारखं औषध थेंब थेंब नळीतून उतरू लागलं. हाताला सुई, वर बाटली, आणि पायांना निघायची घाई.

"अंग खाजलं, धाप लागली, तर लगेच सांगायचं," नर्सने बजावलं. "आणि हात हलवू नका."

"पायांचं काय?"

"पाय हलवा की. पायांना कुणी सुई टोचलीय?"

घड्याळजी स्टूल ओढून समोर बसले. त्यांनी बाईंची पावलं उचलून आपल्या मांडीवर घेतली. "ढकल. जोर लावून ढकल."

"अहो, पडाल."

"बँकेतल्या खुर्चीवरून इतक्या वर्षांत कुणी पाडलं नाही, तू काय पाडतेस."

बाई ढकलत राहिल्या, घड्याळजी पोटऱ्या चेपत राहिले. बाटली निम्मी झाली तेव्हा बाईंना रडूच आलं. "या पायांनी तुम्हाला फार छळलंय हो."

"छळलंय?" घड्याळजी हसले. "वेडी आहेस. आणि आता पावसात छत्री घेत जा. गंजशील."

नर्स तोंड फिरवून हसली. घड्याळजींना पुढे काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात ती रक्तदाब बघायला आली आणि ते राहून गेलं.

गुण लगेच आला नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं. काही आठवडे गेले, आणि एका संध्याकाळी बाईंच्या लक्षात आलं, की आपण भाजी निवडायला बसलो ते बसलोच. त्यांनी घड्याळजींना सांगितलं, "थोडं बरं वाटतंय." पूर्ण बरं वाटतंय, हे मुद्दाम सांगितलं नाही. ते गुपित शेवटच्या प्रयोगासाठी राखून ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी ठेवणीतल्या कडक टाचांच्या चपला घातल्या. आता कशाला भ्यायचं?

"बाई, तुमची भिंत वाट बघतेय," डोअरकीपर म्हणाला.

"तिला म्हणावं, आज सुट्टी."

बाई तिसऱ्या रांगेत बसल्या. पहिला अंक झाला, दुसरा झाला. पाय शहाण्या मुलांसारखे जुळून राहिले. तिसऱ्या अंकात घड्याळजींनी ते घड्याळ कानाला लावलं, आणि हे इतकं सुंदर असतं हे बाईंना पहिल्यांदाच कळलं.

शांतता पसरली. घड्याळजी ऐकत होते. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. बाईंना मात्र ते घड्याळ दुसऱ्या कानाला लावून बघताना दिसले. घड्याळजींची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या दाराकडे गेली, तिथली भिंत चाचपून परत आली, पुन्हा गेली. विंगेतून कुणीतरी हळूच शब्द सांगितला. "चालतंय." त्यांनी तो उचलला नाही. चेहरा वाक्य विसरलेल्या नटासारखा नव्हे, बायको हरवलेल्या माणसासारखा झाला होता.

तेव्हा बाईंना उमगलं. ते घड्याळ नाटकातलं, आतून पोकळ. त्यात कधी काही वाजलंच नव्हतं. इतकी वर्षं घड्याळजी कान देऊन ऐकत होते ती बाईंची टाच.

बाईंचे डोळे भरून आले. पाय तर झोपल्यासारखे शांत. त्यांनी उजवी टाच आपणहून उचलली.

टक.

शेजारची बाई वळली. "अहो, पाय नका ना हलवू."

"थोडंच राहिलंय," बाई म्हणाल्या. टक. टक.

घड्याळजींनी मान वळवली. नजर दाराकडून खाली आली, रांगांमधून शोधत आली आणि बाईंवर थांबली. चेहरा सैल झाला.

"चालतंय," ते म्हणाले. बाईंनाच म्हणाले.

पडदा पडला, दिवे लागले, आणि टाळ्या वाजवत सगळं नाट्यगृह उभं राहिलं. एकट्या बाई तेवढ्या बसून होत्या.